आधी ऋण मोजा, मग सोडा

वसईच्या किनारपट्टीवरल्या एका भगिनीने विचारले आहे. सासऱ्यांनी शेवटच्या आजारपणात बावखलाकाठची, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याकाठची, बारा गुंठे वाडी बक्षीसपत्राने धाकट्या मुलाच्या नावे केली. त्या दिवसांत सासरे घरच्या माणसांनाही नीट ओळखत नव्हते, असे या ताईंचे म्हणणे. तेव्हापासून नऊ वर्षे दोन्ही घरांत बोलणे नाही. सासूबाईंच्या मातीला दोघे भाऊ शवपेटीच्या दोन टोकांना उभे राहिले आणि दफनभूमीतून दोन वाटांनी घरी गेले. आता दिराच्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि पत्रिका घेऊन ती पोर स्वतः आली होती. ताई लिहितात, "रोज संध्याकाळी 'आमची ऋणे आम्हांला सोड' म्हणते आणि शब्द घशात अडकतात. पापनिवेदनाला गेले तर फादर म्हणाले, क्षमा कर. केली म्हणून सांगून आले. पण त्या वाडीवरून जाताना पोटात आग पडते. म्हणजे मी क्षमा केलीच नाही का? क्षमा करायची म्हणजे नक्की काय करायचे असते?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न फार थोडी माणसे विचारतात. क्षमा करावी हे आपल्याला पहिल्या कम्युनियनच्या वर्गापासून ऐकवले जाते, पण ती कशी करतात ते सहसा कुणी दाखवत नाही. मी धर्मगुरू नाही, निवृत्त शिक्षक आहे. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, गेली सव्वीस वर्षे घराघरांतली भांडणे ऐकून घेण्याचे काम करतो. वाटण्या, बांध, सासू-सून, होडीतल्या पात्या (वाटे), उसने पैसे, मोडलेली लग्ने. पुढे जी उदाहरणे येतील त्यांतल्या ओळखीच्या खुणा मी काढून टाकल्या आहेत.

आधी पोटातल्या आगीचे सांगतो. ती आग पेटली म्हणजे क्षमा झाली नाही, असे समजू नका. मोडलेले हाड नीट सांधले तरी पावसाळ्यात ठणकते. फादरांना तुम्ही खोटे सांगितले नाही. तुम्ही सुरुवात सांगितली, आणि ती पूर्ण झाली असे धरून चाललात, एवढेच.

आता त्या घशात अडकणाऱ्या शब्दाकडे या. तो शब्द 'ऋण' आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रार्थनेत, सहाव्या अध्यायात, प्रभूने अपराधासाठी पैशाच्या व्यवहारातला शब्द वापरला आणि आपल्या मराठी भाषांतराने तो जसाच्या तसा ठेवला. मला हे आपले भाग्य वाटते, कारण ऋण सोडायचे तर ते किती आहे हे माहीत असावे लागते. तुमच्याकडे वाटणीचे कागद झालेच असतील, तेव्हा हक्कसोडपत्र तुम्ही पाहिले असेल. त्यात गट नंबर लिहावा लागतो, क्षेत्र लिहावे लागते, चारही दिशांच्या चतुःसीमा लिहाव्या लागतात, आणि मग खाली सही येते. कशावरचा हक्क सोडता ते न लिहिता नुसते 'सोडला' म्हटले तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कुणी तो कागद नोंदवून घेणार नाही. आणि आपण देवापुढे मात्र असेच कोरे हक्कसोडपत्र ठेवतो. "केली क्षमा, जाऊ दे." काय जाऊ दे, ते लिहिलेलेच नसते. मग वाडीवरून जाताना न मोजलेला भाग वर येतो.

माझ्यापाशी येणाऱ्या दहांतल्या आठ जणांचे घोडे इथेच अडलेले असते. त्यांची मने काही दगडाची नसतात. त्यांनी मोजायच्या आधीच सोडलेले असते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो निर्दय चाकर आठवा. राजाने त्याचे दहा हजार तालान्तांचे कर्ज सोडले आणि बाहेर पडताच त्याने सोबत्याचा गळा शंभर दिनारांसाठी धरला. बहुतेक प्रवचनांत सांगतात की देवाने आपले डोंगराएवढे सोडले, आपण दुसऱ्याचे राईएवढे सोडायला काय हरकत आहे. मी वर्गात गणित शिकवत होतो, म्हणून हा दाखला, म्हणजे ही बोधकथा, मी फळ्यावर मांडून पाहिला. दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तेच सांगितले आहे. एका तालान्ताचे सुमारे सहा हजार दिनार होतात. म्हणजे चाकराचे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे, एक लाख चौसष्ट हजार वर्षे राबूनही न फिटणारे. हे झाले डोंगराचे. पण ते शंभर दिनार पाहा. शंभर दिवसांची मजुरी! पापडीच्या बाजारात पाट्या उचलणाऱ्या बाईला विचारा, शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर काय होते. घरभाडे थकते, मुलाची फी थकते, सोने गहाण पडते. प्रभूने सांगताना दोन दिनार म्हटले असते तरी गोष्ट चालली असती. त्याने शंभर म्हटले. तुमचे नुकसान लहान आहे, असे येशूने कुठेच म्हटलेले नाही. ज्यांनी तुम्हाला "बारा गुंठ्यांचे काय घेऊन बसलीस" असे सांगितले असेल, त्यांनी हा दाखला नीट वाचलेला नाही.

म्हणून पहिले काम मोजण्याचे. एक वही घ्या, नवऱ्याला आणि मुलांना न दाखवता. दिराने काय घेतले ते एकेका ओळीत लिहा. 'अन्याय केला' असे मोघम लिहू नका. वाडी, त्यातली केळी, मोगऱ्याचे रोजचे उत्पन्न, बावखलाचे पाणी. मग जे सातबाऱ्यावर येत नाही ते लिहा. यजमानांची झोप, तुमच्या मुलांना न मिळालेली चुलत भावंडे, नाताळचे नऊ सण, सासूबाईंच्या आजारपणात दोन घरांत वाटून घेतलेल्या रात्री. मागाहून कुणी मागितली नाही ती माफीही लिहा. घाई करू नका, आठवडा लागू द्या.

एक बाई अशी यादी घेऊन माझ्याकडे आली होती. जावेशी भांडण, तिच्या म्हणण्याप्रमाणे दागिन्यांवरून. यादीत दागिने पहिल्या ओळीत होते. नवव्या ओळीत लिहिले होते, 'माझी आई पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिला चहा विचारला नाही.' ती ओळ वाचताना तिचा आवाज फुटला. दागिने तिने तीन वर्षांपूर्वीच सोडले होते, पण तो न विचारलेला चहा कुणी मोजलाच नव्हता.

मोजताना आणखी एक गोष्ट करावी लागते आणि ती कडू आहे. जे दिराने घेतलेले नाही ते त्याच्या खात्यातून काढायचे. सासऱ्यांनी घेतलेला निर्णय सासऱ्यांच्या नावे लिहा. मेलेल्या माणसालाही क्षमा करता येते. कधी कधी सगळ्यात मोठी ओळ त्याचीच असते. यजमान नऊ वर्षे गप्प राहिले असतील तर ते त्यांच्या नावे. आणि कायद्याने काय येणे होते, तेही तपासून घ्या. हे तुमच्या बाबतीत अगत्याने सांगतो, कारण आपल्या लोकांत याबद्दल फार गैरसमज आहे. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. शेजारच्या हिंदू कुटुंबात ऐकतो तसा वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाचा हक्क ही गोष्ट त्यात नाही. बाप हयात असेपर्यंत त्याच्या नावची मिळकत त्याची. शुद्धीत राहून, स्वतःच्या मर्जीने त्याने ती एका मुलाला दिली तर ते आपल्याला टोचेल, पण बेकायदा ठरणार नाही. तुमचा खरा मुद्दा एकच उरतो: सासरे शुद्धीत होते का आणि ती मर्जी त्यांची होती का. तलाठ्याकडल्या फेरफारावर कुणाचे नाव चढले यावरून मालकीचा शेवटचा निकाल होत नाही. दाव्याला मुदत असते आणि नऊ वर्षे गेली आहेत, म्हणून हे माझ्या शब्दावर सोडू नका, चांगल्या वकिलाला कागद दाखवा. पण कागद दाखवणे आणि क्षमा करणे यांत विरोध आहे असे समजू नका; त्याकडे मी पुढे येतोच.

त्याच कायद्यात दुसरीही एक तरतूद आहे. मृत्युपत्र न करता बाप वारला तर एक तृतीयांश विधवेला आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना सारखे, मुलगा असो की मुलगी. तुम्हाला नणंदा आहेत का, ते तुम्ही लिहिलेले नाही. असतील तर त्या बारा गुंठ्यांत त्यांचाही तेवढाच वाटा धरावा लागेल. तुमच्या यादीत त्यांची नावे आली आहेत का? आणि तुम्ही आज राहता त्या घराच्या, तुम्ही पिकवता त्या जमिनीच्या कागदांत नणंदांनी सह्या करून हक्क सोडलेला आहे का? आपल्याकडे बहिणींकडून त्या सह्या चहाच्या कपासोबत घेतल्या जातात, पुष्कळदा मोबदल्याशिवाय. तसे झाले असेल तर, ताई, सोडलेले एक ऋण तुमच्या डोक्यावरच्या छपरात आहे. कुणीतरी मुकाट्याने सोडले आणि तुम्ही त्याखाली झोपता. दहा हजार तालान्त कुठे शोधायचे असे लोक मला विचारतात. मी त्यांना आधी घरच्या फायलीत पाहायला सांगतो.

यादी पूर्ण झाली की ती एकदा क्रुसापुढे मोठ्याने वाचा. रडू आले तर येऊ द्या. स्तोत्रसंहितेत किती स्तोत्रे तक्रारीची आहेत पाहा. देवाला हिशेब ऐकून घेण्याची सवय आहे. आणि मग प्रत्येक ओळीनंतर म्हणा, "हे मला येणे आहे, आणि हे मी वसूल करायला निघणार नाही." एखादी ओळ म्हणता येणार नाही. ती सोडून पुढे जा आणि फादरांना सांगा की एवढी ओळ बाकी आहे. माझ्या मते ते पापनिवेदन 'केली क्षमा' म्हणण्यापेक्षा कितीतरी खरे असेल.

'सोड' या शब्दाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मूळ ग्रीकमध्ये या प्रार्थनेत जे क्रियापद आहे, 'अफिएमी', तेच मत्तयात आणखीही पुष्कळ ठिकाणी भेटते. समुद्रकाठी येशूने हाक मारली तेव्हा पेत्र आणि अंद्रिया या कोळी भावांनी जाळी 'सोडली', तिथे तेच. वेदीपाशी भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच 'सोडून' आधी समेट कर असे प्रभू सांगतो, तिथेही तेच. मी हे एकदा किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला, होडीच्या प्रमुखाला, सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, जाळी सोडली म्हणजे काय, ते तुम्हांला नाय समजायचं. जाळ्यात बायकोचं सोनं असतं. ते सोडून माणूस उठला म्हणजे तो दुसऱ्याच कशावर तरी जगणार हाय." क्षमेविषयी मी जे काही वाचले-ऐकले त्यात या म्हाताऱ्याचे बोल मला सर्वांत जवळचे वाटतात. नऊ वर्षे तुम्ही त्या येण्यावर जगत आहात. ते सोडले तर सकाळी उठून कशावर जगायचे, ही भीती खरी आहे.

आता 'साताच्या सत्तर वेळा'. भावाला किती वेळा क्षमा करायची, या पेत्राच्या प्रश्नाला प्रभूने दिलेले हे उत्तर. त्याचा अर्थ मला खूप उशिरा कळला, आणि तोही स्वतःला फटका बसल्यावर. १९९६ साली मी एका जिवलग मित्राला पतपेढीच्या कर्जासाठी जामीन राहिलो. त्याने हप्ते भरणे थांबवले आणि वसुली माझ्या पगारातून सुरू झाली. अठ्ठेचाळीस महिने. पहिल्या महिन्यात मी चर्चमध्ये गुडघे टेकून त्याला क्षमा केली, अगदी मनापासून. महिनाअखेरीस पगारपत्रकावर ती वजावट पाहिली आणि हात थरथरू लागला. पुन्हा क्षमा केली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मला वाटायचे, माझी श्रद्धाच पोकळ आहे. एकदा दिलेले मी दर महिन्याला परत घेतो. शेवटी आमच्या तेव्हाच्या फादरांनी मला सांगितले, "तुम्ही परत घेत नाही, सर. कर्ज हप्त्यांनी चालले आहे, तर क्षमाही हप्त्यांनीच जाणार." प्रभूने पेत्राला सांगितलेला आकडा चारशे नव्वद निरनिराळ्या अपराधांचा असेल असे तोवर मी धरून चाललो होतो. एकच अपराध चारशे नव्वद वेळा आठवला तर त्या प्रत्येक वेळी, असाही तो वाचता येतो. तुमची वाडी रोजच्या वाटेवर आहे. तुमचा हप्ता रोजचा आहे. वाडीच्या कुंपणापाशी आलात आणि आग पेटली की थांबू नका, मनात एवढेच म्हणा, "प्रभू, आजचा हप्ता." मी माझ्या वजावटीच्या ओळीवर बोट ठेवून हेच म्हणत असे. काही वर्षांनी केव्हातरी लक्षात येते की वाडी मागे राहिली आणि आपण काही म्हटलेच नाही.

त्या मित्राने आजवर माफी मागितलेली नाही. तो आजारी पडला तेव्हा मी त्याच्यासाठी डबा घेऊन जात होतो. आणि त्याने पुन्हा जामीन राहा म्हटले असते तर मी राहिलो नसतो. या दोन गोष्टी एकत्र नांदतात, आणि इथेच लोकांची सर्वांत मोठी गल्लत होते. क्षमा माझ्या एकट्याच्या हातात असते. समेटाला दोघे लागतात. विश्वास त्याहून पुढचा. तो ज्याने मोडला त्याने हळूहळू परत मिळवायचा असतो. जुन्या करारातल्या योसेफाकडे पाहा. भावांनी त्याला वीस रुप्यांना विकले होते. ते धान्य मागायला मिसरात आले तेव्हा तो आडोशाला जाऊन रडला. मन केव्हाच मऊ झाले होते. तरी त्याने ओळख दिली नाही. धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत रुप्याचा प्याला लपवला आणि हे भाऊ याही वेळी धाकट्याला टाकून जातात का ते पाहिले. यहूदा पुढे होऊन म्हणाला, याच्याऐवजी मला गुलाम करा, तेव्हा योसेफाने हंबरडा फोडला. मधल्या काळात योसेफ क्रूर होता असे मला वाटत नाही. भाऊ बदलले आहेत का, एवढेच त्याला पाहायचे होते.

प्रेषित पौलही रोमकरांस लिहितो तेव्हा जपून लिहितो: शक्य असेल तितके, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितके. पलीकडचे पलीकडल्याकडे.

मग कोर्ट? वकिलाने सांगितले की दाव्यात तथ्य आहे, तर? १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावी मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले, फिलिप आणि तिमथी, यांना गाडीत जाळून मारले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, आणि नंतरही काही वर्षे बारीपदा इथे राहून कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. तरीही खटला चालला, शिक्षा झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. त्यांच्या क्षमेने न्यायालयाचे दार बंद झाले नाही आणि न्यायालयाने त्यांची क्षमा खोटी ठरवली नाही. तुमच्यासाठी मी एकच कसोटी सांगेन. दावा जिंकूनही दिराच्या पोरांचे भले चिंतता येणार असेल, तर दावा खुशाल करा. त्याचे नाक कापायचे म्हणून करणार असाल तर तो दावा तुमच्या यादीतली आणखी एक ओळ होईल. अठराव्या अध्यायातला क्रमही पाहा: पेत्राच्या प्रश्नाच्या आधी प्रभू सांगतो की भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला त्याचा दोष दाखव, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. नऊ वर्षांत यजमान एकदाही एकटे जाऊन भावाशी बोलले आहेत का? आपल्याकडे पहिली पायरी वगळून थेट तिसरी गाठतात, आणि तीही स्वयंपाकघरातून.

एक ताकीद, तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या कुणासाठी तरी. घरात मारहाण होत असेल तर 'क्षमा कर आणि परत जा' असे सांगणाऱ्याचे ऐकू नका, मग तो कुणीही असो. आधी सुरक्षित जागी जा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुमच्यासाठीही आहे. लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर आधी पोलिसांत तक्रार. अशा माणसाला क्षमा करता येते, पण दाराबाहेर ठेवून.

रोजच्या जगण्यात क्षमा म्हणजे काय, असे तुम्ही विचारता. मला सर्वांत अवघड वाटते ती जीभ. वाडीची गोष्ट तुम्ही या नऊ वर्षांत किती जणींना सांगितली असेल? दर वेळी सांगताना ती थोडी धारदार होते, आणि सोडलेले ऋण पुन्हा वहीत चढते. एका व्यक्तीला सांगा, जिला उपाय माहीत असेल तिला. बाकीच्यांसमोर विषय निघाला तर उठून पाणी प्या. दुसरी गोष्ट, रोझरीतला एक दशक, म्हणजे जपमाळेच्या दहा मण्यांची प्रार्थना, दिराच्या नावे, नाव घेऊन. सुंदर शब्द शोधू नका. "त्याला आज काम मिळो, त्याची पाठ न दुखो," एवढे पुरे. तिसरी, मुलांना मोकळे करा. चुलत बहिणीशी फोनवर बोलले तर घरात तोंड पाडू नका. हे ऋण त्यांचे नाही. चौथी म्हणून सांगत नाही, पण दरवर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मी आमच्या दफनभूमीत असतो आणि एक गोष्ट पाहतो. एक भाऊ सकाळी सात वाजता येऊन बापाच्या थडग्यावर झेंडू वाहतो. दुसरा साडेआठला येतो आणि ती फुले बाजूला सारून आपली ठेवतो. गेल्या काही वर्षांत अशा एका थडग्यावर मला बदल दिसला. दुसऱ्याने पहिल्याची फुले सारली नाहीत, आपली मेणबत्ती त्यांच्या शेजारी लावली. ते दोघे अजून बोलत नाहीत. पण त्या मेणबत्तीला मी क्षमाच म्हणतो.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मेला. त्याच्या बरोबरीने क्रुसावर असलेल्या जपानी पॉल मिकी यांनी मरता मरता मारणाऱ्यांना क्षमा केली, ते नोंदलेले आहे. मी त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. पण आपली अडचण वेगळी आहे. आपल्याला ज्याला क्षमा करायची त्याच्या शेजारी उद्याही राहायचे असते, त्याच रस्त्याने बाजाराला जायचे असते, त्याच चर्चमध्ये दोन बाके सोडून बसायचे असते. अशा क्षमेला वेळ लागतो. सिस्टर राणी मारिया यांची मध्य प्रदेशात १९९५ मध्ये भर रस्त्यात हत्या झाली. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली ती २००२ मध्ये. सात वर्षे. तुमची नऊ झाली म्हणून लाजू नका.

आता लग्नाचे. ती पोर पत्रिका घेऊन स्वतः आली. तिला बापाने पाठवले असेल किंवा तिने बापाला न विचारता पाऊल टाकले असेल. दोन्ही अर्थ चांगलेच आहेत. तिच्याकडून तुम्हाला काही येणे नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: जा. यजमान नको म्हणाले तर भांडू नका, तुम्ही आणि मुले जा. पाकिटावर मात्र दोघांची नावे लिहा. रिसेप्शनला गर्दीत जाऊन हजेरी लावण्यापेक्षा मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जा, आणि वेळेवर जा. प्रभूची प्रार्थना झाली की लगेच शांतीचे अभिवादन येते, कम्युनियनच्या आधी. क्रम मुद्दाम तसा आहे. त्या वेळी दीर समोर आला तर हात जोडा. बोलायला शब्द सुचले नाहीत तर बोलू नका, हात जोडणे पुरते. तो मान फिरवील, तेही शक्य आहे. तुमच्याकडून होईल तितके झालेले असेल. वाडीचा विषय त्या दिवशी कुणी काढला, अगदी दिराने स्वतः काढला, तरी म्हणा, "आज पोरीचं लग्न आहे, आपण नंतर बसू." आणि 'नंतर' म्हणजे केव्हा, ते पुढच्या पंधरवड्यात ठरवा. दोन्ही घरांना मान्य असलेला एखादा वडीलधारा माणूस असेल तर त्याला बसवा. जेवणाच्या मांडवात जीव गुदमरला तर नवरीच्या डोक्यावर हात ठेवून निघून या. सगळे एकाच दिवशी व्हायला हवे असे नाही.

यादीत कोणती ओळ म्हणता आली नाही, ते जमले तर कळवा. आणि लग्नाच्या मिस्सेची वेळही कळवा, त्या वेळी मी तुमच्या दोन्ही घरांची नावे घेईन.